सावकाशरावांचा शनिवार

माझी लाँड्री आणि शेजारचं सलून यांच्यामध्ये भिंत नाही, प्लायवूड आहे. वरच्या अर्ध्या भागात काच. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले की मला सलूनचा आरसा दिसतो आणि आरशात खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला डोळेही आहेत, आणि कान-डोळे दोन्ही माझेच. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय नाही, असं मी सगळ्यांना सांगते. अजून तरी कुणाचा विश्वास बसलेला नाही.

सलून ज्याचं, त्याला सगळे सावकाशराव म्हणतात. खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर. त्याच्याकडे केस कापायला बसणाऱ्यानं त्या दिवशी दुसरं काम धरू नये. पलीकडच्या गल्लीतला सलूनवाला चार डोकी उरकतो, तेवढ्यात हा एका कानामागची रेघ सरळ करत असतो. तरी गिऱ्हाईक टिकून आहे, कारण हा माणूस ऐकतो. खुर्चीत बसलेली माणसं आरशातल्या सावकाशरावाशी बोलतात. समोरासमोर कुणाला सांगणार नाहीत असल्या गोष्टी आरशात बघून सांगून टाकतात. मुलाची नोकरी गेली, भाऊ बोलत नाही, डॉक्टरनं अमुक सांगितलं. सावकाशराव 'हं' म्हणतो आणि कात्री चालवतो. माझ्याहून बराच लहान आहे, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. तो मला ताई म्हणतो.

जगाचं ऐकून घेणाऱ्या या माणसाचं बायकोशी मात्र जमलं नाही. दोष कुणाचा म्हणाल, तर दोघांचेही कपडे माझ्याकडे येतात, दोघांचेही डाग मी काढलेत, आणि मला त्यात वाईट माणूस सापडलेला नाही. ती झटपट, हा सावकाश. एक घोडा आणि एक बैल एकाच गाडीला जुंपल्यावर गाडी किती दिवस चालणार? दोघं वेगळे झाले. मुलं आईकडे राहिली. मोठी मुलगी, आता सोळाव्यात. धाकटा मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. शनिवारची संध्याकाळ बापाची, असं ठरलं. कोर्ट नाही, कचेरी नाही, नुसत्या शब्दावर.

आता मुलांना घेऊन बसायचं कुठे, हा प्रश्न होता. सावकाशराव सलूनच्या वर माळ्यावर राहतो. तिथे एक खाट, एक शेगडी आणि छत इतकं खाली की ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं. मुलं लहान होती तोवर बागेत जायची. घसरगुंडीला पैसे पडत नाहीत. पण पोरं थोडी मोठी झाली की बाग नकोशी होते. मग राहतात त्या सगळ्या जागा अशा, जिथे बसायला काहीतरी विकत घ्यावं लागतं. म्हणून चौकातलं बर्गरचं दुकान. गार हवा, स्वच्छ टेबलं, कुणी उठा म्हणत नाही. सुरुवातीला एक छोटा डबा घेतला की दोघांचं भागायचं, वर डब्यात खेळणं मिळायचं आणि त्यावरून भांडण फुकट.

पुढे पोरं वाढली आणि भावही वाढले, जणू दोघांची शर्यतच लागली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मान्य आहे. पण वाढत्या वयाच्या मुलांचे पाय रोज लांब होतात, त्यांना काय कापायचे? धाकटा तर असा खायचा की समोर टेबल ठेवलं असतं तरी विचारलं असतं, याच्याबरोबर सॉस आहे का. आणि त्या दुकानाची तऱ्हा अशी की काउंटरवरची मुलगी गोड हसून विचारते, "मोठा करू का?" पोर मान डोलावतं. पोरं आपोआप मोठी होतात, बर्गर मोठा करायला मात्र पैसे पडतात.

भावाचंही एक सांगते. पूर्वी त्या दुकानात भावाचा फलक असायचा, अक्षरं चिकटवलेला. भाव वाढवायचा तर कुणाला तरी शिडीवर चढून सगळ्यांदेखत आकडा बदलावा लागायचा. त्या माणसाला थोडी तरी लाज वाटत असेल. आता टीव्हीसारखे पडदे आलेत. आत कुणीतरी बटण दाबतं आणि तुम्ही रांगेत उभे असताना तुमच्या डोळ्यांदेखत तोच बर्गर महाग होतो. मला हे अजिबात पटत नाही, पण मला विचारतं कोण.

सावकाशरावानं आधी स्वतःचा बर्गर बंद केला. "पोट बरं नाही," म्हणून नुसता चहा. मग चहाही बंद, पाणी. दर शनिवारी त्याचं पोट बिघडलेलं. रविवार ते शुक्रवार हा माणूस दगड पचवेल, आणि शनिवार आला की याला पाणीसुद्धा सोसेना. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण तो उतरवून ठेवायचा कसा? त्या मोत्याच्या निमित्तानंच तर मुलं त्याच्या समोर बसायची.

एका शनिवारी मी त्यांच्या मागेच रांगेत होते. मला आइस्क्रीम खावंसं वाटलं होतं, आणि त्याचा वयाशी काही संबंध नाही. धाकट्यानं त्याचं ते थोरलं ताट सांगितलं. मुलगी म्हणाली, "मलापण तेच." सावकाशरावानं पाकीट उघडलं, वर पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाकिटात पाहिलं. गेल्या आठवड्याचा भाव आता राहिला नव्हता. त्याच्या अंगठ्यानं नोटांच्या कडा दोनदा चाचपल्या, आणि ते मुलीनं पाहिलं.

"मला नको," ती लगेच म्हणाली. "मी हल्ली संध्याकाळी खात नाही."

"अगं, खा की," सावकाशराव म्हणाला.

"नको, खरंच भूक नाही."

मग ते तिघं बसले. धाकटा खायला लागला, आणि भूक नसलेली दोन माणसं त्याच्या ताटाकडे बघायचं टाळत बसली. अर्ध्यात त्यानं ताट सरकवून दिलं. वाढत्या वयाच्या पोरानं गरम फ्राइज टाकून दिलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. माझं आइस्क्रीमसुद्धा मला गोड लागलं नाही.

त्यानंतर मुलांचं येणं कमी झालं. एका शनिवारी मुलीची परीक्षा, पुढच्या शनिवारी मैत्रिणीकडे काम, मग धाकट्याची मॅच. सावकाशराव संध्याकाळी दारात उभा राहायचा, फोन वाजला की बघायचा आणि परत येऊन आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसायचा.

"पोरं मोठी झाली, ताई," तो एकदा म्हणाला. "बापाचा कंटाळा यायचंच वय आहे."

मी म्हटलं, "तुझा कंटाळा यायला वय कशाला लागतं?" तो हसला. पण नंतर मला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

मग एक दिवस मुलगी आईचे कपडे घ्यायला आली. तिची आई इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर असते, तिचे गणवेशाचे कोट माझ्याकडे असतात. मी कोट घडी घालता घालता म्हटलं, "परीक्षा फार दिवस चालली हो तुझी."

तिनं काचेतून पलीकडे बघितलं. सावकाशराव कुणाच्या तरी मानेवर वाकलेला होता.

"मावशी, परीक्षा नव्हती," ती हळूच म्हणाली. "आम्ही गेलो की बाबा उपाशी बसतात. आम्ही खायचं आणि त्यांनी बघायचं. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, खाल्लं तर आम्हाला वाईट वाटतं. मग गेलंच नाही तर निदान त्यांचे पैसे तरी वाचतात."

"हे त्यांना सांग की."

"कसं सांगू? त्यांना वाटतं आम्हाला काही कळत नाही. आणि आईला सांगितलं तर ती पैसे पाठवेल. ते तर आणखी वाईट." तिनं माझा हात धरला. "तुम्ही सांगू नका हं. शप्पथ आहे."

ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिला पोरीनं शपथ घातली. मी हो म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

दोन-तीन दिवसांनी मुलांची आई स्वतः आली. घाईतच होती, ती नेहमीच घाईत असते. "ताई, मुलं शनिवारी जायला नाही म्हणतात," ती म्हणाली. "मी कारण विचारते तर अभ्यास म्हणतात. मी काय करू? ढकलून पाठवू? ह्या शनिवारी एकदा पाठवते. त्यांचं मन नसेल तर इथून पुढे नको. त्यालाही मी तसं फोनवर सांगितलंय."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? हं म्हणाला." आणि मग, कोट हातात घेऊन दारातच थांबून म्हणाली, "मला त्यात आनंद नाही हो ताई." मला ते खरं वाटलं.

म्हणजे सगळं एका शनिवारावर आलं होतं. मुलं आता बोलली नाहीत, तर ठरलेला शब्द संपणार होता. मुलांना वाटत होतं, न जाऊन आपण बापाचं भलं करतोय. बापाला वाटत होतं, मुलांना आपण नकोसे झालो. आईला वाटत होतं, आपण कुणावर जबरदस्ती करत नाही. सगळेच समजूतदार. एवढा समजूतदारपणा एका घरात असला की घर मोडतं, हे माझं मत आहे. आणि खरं काय ते ठाऊक असलेली एकच बाई शपथेनं बांधलेली, हातात गरम इस्त्री घेऊन उभी.

मी शपथ मोडली नाही. थोडी वाकवली. सावकाशरावाला म्हटलं, "ह्या वेळी तिकडे दुकानात नेऊ नकोस त्यांना. इथेच बसव. काहीतरी घरचं कर."

"इथे? सलूनमध्ये?"

"मग काय माळ्यावर? डोकी फुटतील."

त्यानं ते फार मनावर घेतलं. बर्गरच्या दुकानात तळणीवर काम करणारा एकजण त्याचं जुनं गिऱ्हाईक. तो खुर्चीत बसला होता आणि त्या दिवशी उलटं झालं. गिऱ्हाईक 'हं' म्हणत होतं आणि सावकाशराव बोलत होता. बटाटे आधी पाण्यात किती वेळ ठेवायचे, टिक्की मोडू नये म्हणून काय घालायचं, सगळं विचारून घेतलं. तळणीवाला शेवटी म्हणाला, "मुख्य म्हणजे पाव. आम्ही पाव वाफेवर गरम करतो. म्हणून तो तसा मऊ लागतो." सावकाशरावानं ते डोक्यात पक्कं बसवलं. तिथेच घोळ झाला, पण तो पुढे.

शनिवारी दुपारनंतर त्यानं एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. जमिनीवरचा केस न् केस झाडला, दोन्ही खुर्च्या पुसल्या, आरशाखालच्या फळीवरचे वस्तरे, कंगवे, बाटल्या उचलून ठेवल्या आणि तिथे कागद अंथरला. मग वर माळ्यावर तळण सुरू झालं. प्लायवूडची भिंत वास अडवत नाही. माझ्या दुकानात टांगलेला एका वकिलाचा पांढराशुभ्र शर्ट बटाट्यासारखा वास मारायला लागला. मी तो पुन्हा धुवायला टाकला आणि तोंडातून शब्द काढला नाही. यावरून काय ते समजा.

मुलं आली. आईनं दारापर्यंत सोडलं आणि "येते थोड्या वेळानं" म्हणून गेली. मुलीनं आत पाहिलं.

"आपण जायचं नाही?"

"आज इथेच," सावकाशराव म्हणाला. "बसा, बसा."

बसायला खुर्च्या दोनच. मुलं त्यांत बसली, आरशाकडे तोंड करून. सावकाशरावानं प्रत्येकासमोर एकेक ताटली ठेवली. बर्गर, बाजूला फ्राइज. आणि सवयीनं तो दोघांच्या मागे जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून.

मी माझी इस्त्री उचलून ठेवली. अशा वेळी कपडा जळतो.

धाकट्यानं मोठा घास घेतला. चावला. चावायचा थांबला. मुलीनं एक घास घेतला आणि खाली बघत राहिली. मग धाकट्यानं आरशात बापाकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"बाबा, हा बर्गर दाढी करून आलाय का?"

मुलीनं तोंडावर हात दाबला, पण हसू नाकातून फुटलं. सावकाशरावानं पुढे येऊन पाव हुंगला. त्याचा चेहरा पडला. पाव वाफेवर गरम करायचा, हे त्यानं पक्कं लक्षात ठेवलं होतं, आणि वाफेची त्याच्याकडे एकच पेटी होती. दाढीनंतर तोंडावर ठेवायचे टॉवेल त्या पेटीत गरम होतात. सुगंधी लोशन शिंपडलेले. दिवसभर त्या वासात उभा राहणाऱ्या माणसाला त्याचा वास येतो कुठे? दुधाची तहान ताकावर भागवायला गेला आणि ताकात साबण पडला. मलाही हसू आवरेना, मी इस्त्रीच्या वाफेचं बटण दाबून आवाज लपवला.

"राहू द्या, राहू द्या," सावकाशराव ताटल्या उचलायला लागला. "चूक झाली. चला, तिकडे जाऊ. चला, उठा." त्याचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला.

"तिकडे नको," मुलगी म्हणाली.

"का? तुला आवडतं ना तिथलं."

मुलगी वळली नाही. ती आरशातच बघत होती, माझी सगळी गिऱ्हाइकं, म्हणजे त्याची गिऱ्हाइकं, बघतात तशी. "आवडायचं," ती म्हणाली. "आता नाही आवडत. तिथे तुम्ही खात नाही, बाबा. दर शनिवारी तुमचं पोट बिघडतं. आम्ही खातो आणि तुम्ही आमच्या तोंडाकडे बघत बसता. मला घास गिळवत नाही. म्हणून मी यायची थांबले. परीक्षाबिरीक्षा काही नव्हती."

"मॅचपण नव्हती," धाकटा म्हणाला.

सावकाशराव 'हं' म्हणेल असं मला वाटलं. पण तो तेही म्हणाला नाही. ताटली हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"येतो कधी कधी," धाकटा म्हणाला. खरं बोलणारं पोर आहे. "पण तेवढा सगळ्यांचाच येतो."

"आणि आज?" मुलीचं अजून संपलं नव्हतं. "आज तर तुम्ही घरी केलंत. आज भाव नाही, पडदा नाही, कुणी मोठा करू का विचारत नाही. तुमचा कुठे आहे?"

"माझा काय?"

"तुमचा बर्गर. तुम्ही दोनच केलेत."

सावकाशरावानं ताटल्यांकडे पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. पाव तर पुडक्यात उरले होते, बटाट्यांनाही तोटा नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. पण इतके शनिवार न खाता काढल्यावर त्याचा हात आपसूकच दोघांपुरता चालला होता. आतापर्यंत हसणाऱ्या मला चक्क रडू आलं. लपवत नाही.

मुलगी खुर्चीतून उठली. "बसा," ती म्हणाली.

"मी?"

"हो, तुम्हीच. बसा."

तो आपल्याच खुर्चीत संकोचून, कडेला टेकून बसला. आयुष्यभर त्या खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस, त्याला पाय कुठे ठेवायचे कळेना. मुलीनं खुंटीवरचं कापड काढलं, झटकलं आणि त्याच्या गळ्याभोवती बांधलं, उलट्या बाजूनं. मग तिनं आपला बर्गर मोडून अर्धा त्याच्यासमोर ठेवला. धाकट्यानं आपला पाहिला, थोडा विचार केला, कारण भूक म्हणजे भूक, आणि मग त्यानंही अर्धा मोडला.

"खा आता," तो म्हणाला. "आम्ही बघतो. कसं वाटतं ते कळू दे."

सावकाशराव खायला लागला. मुलं मागे उभी राहून आरशात त्याच्याकडे बघत होती. तो मोठमोठे घास घेत होता, लोशनचा वास असलेले, घाईघाईनं, म्हणजे त्याच्या मानानं घाईघाईनं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हातांत बर्गर असल्यानं ते पुसता येत नव्हतं. मुलांनी ते पाहिलं आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात मुलांची आई दारात आली. आतला थाट बघून ती जागच्या जागी थांबली. गळ्याला कापड बांधून बर्गर खाणारा बाप आणि त्याच्यामागे पहारेकऱ्यांसारखी दोन पोरं. सगळ्या सलूनला तळणाचा आणि लोशनचा वास. तिनं घाई केली नाही. तिला घाई न करताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

"मग?" तिनं मुलांना विचारलं. "पुढच्या शनिवारचं काय ठरलं?"

"आमचं काही नाही," मुलगी म्हणाली. "बाबांना विचार. ते आमच्याबरोबर जेवणार असतील, तर आम्ही येऊ. नाहीतर नाही."

सगळे सावकाशरावाकडे बघायला लागले. त्याच्या तोंडात मोठा घास होता, बोलता येईना. दिवसभर लोकांना "मान हलवू नका, मान हलवू नका" म्हणून सांगणारा माणूस, त्यानं आरशात तिघांकडे बघत हो म्हणून मान हलवली, आणि हलवतच राहिला.